खरमोर कुणाच्या पातीचा?

देवासहून सोनकच्छकडे जाताना उजव्या हाताला एक गाडीवाट फुटते. ती धरली की तणखेडी येईपर्यंत मध्ये काही येत नाही. टेकडी नाही, ओढा नाही, टेकायला धड सावली नाही. नुसतं गवत, आणि गवताच्या शेंड्यांवर टेकलेलं आभाळ. ही गोष्ट एकोणीसशे सहा-सात सालची. तेव्हा त्या सपाट मुलखात पाहुणा सकाळी दिसायला लागे आणि दुपारी पोहोचे. मधल्या वेळात गावाला त्याच्याबद्दल बोलायला भरपूर सवड मिळे. तो दारात येईपर्यंत कुणाचा कोण, कशासाठी आला आणि किती दिवस मुक्काम ठोकणार हे सगळं ठरलेलं असे. बिचाऱ्याला स्वतःहून सांगायला काही उरतच नसे.

देवासला त्या काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघींचे मुलूख एकमेकांत असे गुंतलेले, की एखाद्या गावाचा उंबरा एकीकडे आणि परसू दुसरीकडे. तणखेडीची वाटणी मधल्या गल्लीनं केली होती. लिंबाच्या झाडाकडची बाजू थोरलीची, विहिरीकडची धाकटीची. थोरल्या पातीची कोंबडी गल्ली ओलांडून धाकट्या पातीत अंडं घालून येई, आणि ते अंडं कोणत्या सरकारचं यावर बायका दिवस काढीत.

लिंबाकडच्या पहिल्या घरात उदाजीराव राहत. एके काळचे घोडेस्वार, आता थोरल्या पातीच्या बीडाचे जमादार. सरकारी घोड्यांसाठी राखलेल्या गवताच्या रानाला इकडे बीड म्हणतात. समोर, विहिरीकडे, गोपाळराव, म्हणजे उदाजीरावांचे पंत. हे धाकट्या पातीचे कारकून, अंगानं काडी, आवाजानं नगारा. त्यांच्याकडे धाकट्या पातीचं बीड आणि मोकाट जनावरांचा कोंडवाडा, अशी दोन कामं. दोघांची दोस्ती जुनी. रोज दुपारी ओट्यावर सोंगट्या मांडून बसत. एकदा टाकलेल्या कवड्यांतली एक घरंगळली आणि गल्लीच्या मधोमध जाऊन पडली. ती उताणी होती की पालथी, यावरून शब्द वाढला, आणि बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे एकमेकांशी बंद. गप्प बसणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. उदाजीरावांना काही सुनवायचं असलं की ते लिंबाच्या झाडाला सांगत, गोपाळराव विहिरीला. गल्ली इतकी अरुंद, की झाडाला सांगितलेलं विहिरीपर्यंत नीट पोहोचे.

उदाजीरावांना एकच मुलगी, सुमंगला. आई लहानपणीच गेली, म्हणून उदाजीरावांच्या विधवा बहिणीनं, यमुनाबाईनं तिला वाढवलं. आत्याबाईंनी तिला रांधायला, सारवायला शिकवलं आणि बापानं घोड्यावर बसायला. मुलगी मोठी झाल्यावर आत्याबाईंनी घोडा बंद केला, पण गोफण मात्र त्यांना हातातून काढून घेता आली नाही.

अठरावं सरलं तरी सुमंगलेचं लग्न नव्हतं. कारण उदाजीरावांची अट. जावई हवा तर पक्का स्वार हवा, आणि मुलगी पाहायला त्यानं घोड्यावरूनच यावं. एक जण बैलगाडीतून आला. त्याला गूळपाणी देऊन गल्लीतूनच वाटेला लावलं. दुसरा घोड्यावरून आला, पण त्यानं एका हातानं खोगीर धरलं होतं.

"खोगीर धरतो तो उद्या बायकोचा पदर धरून बसेल," उदाजीराव लिंबाला म्हणाले.

"पदर धरणाराच नवरा बरा असतो गं," गोपाळरावांनी विहिरीला सांगितलं.

त्या वर्षी गौरी-गणपती पोहोचवून झाले होते आणि पितृपंधरवडा अजून लागायचा होता. तेवढ्या फटीत धारचं एक स्थळ बसवलं. मुलगा भगवंत, धारच्या सरकारी बागेवर देखरेखीला. वडील नव्हते, मामांनी वाढवलेला. मामांना सगळे भाऊ म्हणत. ते पागेत होते आणि त्यांनी निरोप धाडला होता की आमचा भगवंत घोड्याच्या पाठीवरच लहानाचा मोठा झाला. खरं पाहता भगवंत घोड्यावर बसे तो भाऊंचा डोळा असेपर्यंत. पण भाऊंनी बेत केला होता. देवासला मुक्काम करून सकाळी आपण आणि मामी दमणीतून, हलक्या बैलगाडीतून, मागून यायचं, भगवंताला पागेतला अबलख घोडा द्यायचा, आणि त्यानं पुढे दौडत जाऊन गावात एकट्यानं रुबाबात शिरायचं.

आत्याबाईंचाही बेत होता. सुमंगलेला सकाळपासून घरात बसवायचं, वेणीफणी करायची, उन्हात जाऊ द्यायचं नाही. पण मक्याला कणसं धरली होती, आणि पोपटांना स्थळाची काही खबर नव्हती.

"एवढे हाकून येते," असं सांगून सुमंगला गोफण घेऊन मचाणावर चढली.

पोपट हाकून झाले तरी ती खाली उतरली नाही. लांबवर एक ठिपका दिसत होता. ठिपक्याचा घोडा झाला, मग घोड्यावर फेटा दिसला. चाल बरी होती. दोन्ही बीडांची हद्द जिथं लागते, तिथं गवतात बुडालेले हद्दीचे दगड आहेत. घोडा तिथं आला आणि त्याच्या नाकासमोर गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला. माणूसभर उंच गेला, पंख फडफडवले, टर्रर्र असा बेडकासारखा आवाज काढला आणि होता तिथंच पुन्हा गवतात उतरला.

घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. ठिपक्याचे दोन ठिपके झाले. मोठा ठिपका निघून गेला. लहान गवतात दिसेनासा झाला.

सुमंगला उभीच राहिली. लागलं असेल का? जमीन काळी, पावसानं लोण्यासारखी झालेली. तरी माणूस तो माणूस. ती खाली उतरणार, तोच गवतातून डोकं वर आलं. आता हा घोड्यामागं धावेल, असं तिला वाटलं. पण डोकं जागचं हललं नाही. पक्षी पुन्हा उडाला. डोकं वर झालं. पक्षी उतरला. डोकं खाली झालं. पुन्हा पक्षी वर, पुन्हा डोकं वर. घोडा इकडे धाकट्या पातीच्या बीडात गळ्यापर्यंत गवतात शिरून चरत होता आणि त्याचा स्वार तिकडे चिखलात मांडी घालून पाखरू बघत होता. सुमंगला इतकी हसली, की मचाणाचा एक वासा करकरला.

थोड्या वेळानं कोंडवाड्याचा राखणदार बापू गवतातून वाट काढत आला, घोड्याचा लगाम धरून आरामात गावाकडे निघाला. घोडा त्याच्यामागं जुनी ओळख असल्यासारखा चालत गेला.

मग केव्हातरी लहान ठिपका उठला आणि पायी निघाला. मक्याच्या कडेला आला तेव्हा त्याचा फेटा काखेत होता, गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि कोटाला इतकी कुसळं चिकटली होती, की कोट कोणत्या रंगाचा ते सांगता येईना. मचाणावरून उतरून खाली उभ्या असलेल्या मुलीला पाहून तो अडखळत म्हणाला, "क्यों बाई, इधर से कोई घोडा..."

"मराठी बोललात तरी चालेल."

"बरं झालं, अक्का." त्यानं सुस्कारा सोडला. "अबलख घोडा पाहिलात का एक?"

"स्वारासकट की स्वाराशिवाय?"

"शिवाय."

"मग पाहिला. गावाकडे गेला. तुम्ही पडलात वाटतं?"

"पडलो," तो म्हणाला, आज ढगाळ आहे असं म्हणावं तसं. "पण त्यात घोड्याची चूक नाही. अक्का, तुम्ही तो पक्षी पाहिलात? काळाभोर, मखमलीसारखा. डोक्यामागं दोन बाजूंना तुरे, नाजूक, वळलेले. बसल्या जागेवरून असा वर जातो..." आणि त्यानं कोपरं अंगाशी घेतली, गुडघे वाकवले आणि उडी मारली. उतरताना एक जोडा चिखलातच राहिला.

सुमंगलेनं तोंड मक्याकडे वळवलं. हसू आवरल्यावर म्हणाली, "खरमोर म्हणतात त्याला. पावसाळ्यात येतो. मादीनं पाहावं म्हणून उडतो."

"आणि पाहते ती?"

"कोण जाणे. ती गवतात असते. कुणाला दिसत नाही."

तो यावर विचार करत जोडा उपसत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक उपकार करा. मी पडलो हे उदाजीराव जमादारांच्या कानावर घालू नका. त्यांना स्वार जावई पाहिजे आहे."

"आणि तुम्हाला काय पाहिजे?"

"सकाळी विचारलं असतंत तर म्हणालो असतो, लवकर घरी जायला मिळावं. मामांच्या शब्दाखातर आलोय. मुलगी म्हणे बापाच्याच वळणाची आहे. घोड्यावर बसते, गोफण मारते. मला जरा धास्तीच वाटते."

सुमंगलेनं गोफण पाठीमागं नेली. "सरळ जा. लिंबाचं झाड दिसेल," एवढं सांगून ती मक्यात शिरली. तो दिसेनासा झाला तशी पदर खोचून धावत सुटली आणि आडवाटेनं परसदारातून घरात. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला, तिचे पाय धुतले आणि आपलं हिरवं लुगडं नेसायला दिलं.

बाहेर गल्लीत तोवर मौज सुरू झाली होती. कोंडवाड्याच्या भिंतीवरून अबलख घोडा मान बाहेर काढून गाव बघत होता. गोपाळराव विहिरीच्या काठावर बसले होते, चेहऱ्यावर सणाचं तेज.

"ऐकलंस का विहीरबाई," ते मोठ्यानं म्हणाले, "धारचं खोगीर आहे. आज कुणाकडे तरी धारहून पाहुणे यायचे होते, नाही का?"

उदाजीराव लिंबाखाली मिशी चावत उभे होते.

इतक्यात भगवंत आला. फेटा कसाबसा डोक्यावर चढवला होता, पण चिखल लपण्यासारखा नव्हता. त्यानं उदाजीरावांना वाकून मुजरा केला आणि भिंतीवरून बाहेर आलेली मान पाहून तो जागीच थांबला.

"हा घोडा आपला?" गोपाळरावांनी विचारलं.

"माझ्या मामांचा."

"आमच्या बीडात चरताना सापडला. आता कायदा ऐका. जाणूनबुजून चरायला सोडला असेल, तर देवासहून हुकूम येईपर्यंत घोडा इथंच राहील. स्वार पडला आणि जनावर आपसूक सुटलं, तर तो कुणाचाच गुन्हा नाही. चार माणसांदेखत तसं सांगायचं आणि घोडा घेऊन जायचं. बोला. सोडलात की पडलात?"

भगवंतानं घोड्याकडे पाहिलं. मग उदाजीरावांकडे. त्या मिशा, तो ताठ कणा, ती डोळ्यांतली अपेक्षा.

"सोडला," तो म्हणाला. "चरायला."

उदाजीरावांनी मांडीवर थाप मारली. "पाहिलंस ना लिंबोबा! गावात पाऊल टाकण्याआधी धाकट्या पातीचं गवत घोड्याला चारलं! याला म्हणतात स्वार! आमच्या उमेदीत आम्हीही..."

"बापू," गोपाळराव शांतपणे म्हणाले, "घोड्याला पाणी दाखव. मुक्काम लांबणार आहे."

"हव, घोडो तो राजी है," बापू म्हणाला. "याँ गवत चोखो है."

भगवंताचा चेहरा उतरला. दसऱ्याच्या स्वारीला पागेचे सगळे घोडे लागतात, तसा हाही धारला लागणार होता. हुकूम देवासहून कधी येईल ते देवासलाच ठाऊक. तो तसाच उभा असताना सुमंगला गूळपाणी घेऊन बाहेर आली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर खाली. भगवंतानं तांब्या हातात घेतला, वर पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अक्का!"

"अगंबाई!" दारातून आत्याबाई ओरडल्या. "अक्का काय म्हणतो हा मुलीला?"

"धक्का म्हणाले, आत्याबाई," सुमंगला म्हणाली. "गुळाचा खडा केवढा आहे तो. धक्काच बसला त्यांना."

भगवंत घटाघटा पाणी प्यायला. तांब्या परत घेताना ती हळूच म्हणाली, "दसऱ्याला मामा पायी जातील का?" आणि मागं न पाहता दाराशी जाऊन उभी राहिली. उदाजीराव इकडे लिंबाला आपल्या तरुणपणीच्या स्वाऱ्या सांगत होते, नव्या जावयाचं कौतुक करत होते, आणि प्रत्येक शाबासकीसरशी भगवंत अधिकच खाली बघत होता.

शेवटी त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"जमादारसाहेब, थांबा. मी खोटं बोललो. मी पडलो."

गोपाळराव विहिरीच्या काठावरून पुढे वाकले.

"सोडला नाही. पडलो. घोडा बुजला आणि मी पालथा झालो. नंतर उठून त्याला धरायला हवं होतं, तेही सुचलं नाही."

"साक्षीदार?" गोपाळराव म्हणाले. कायद्यात ते कुणाला सूट देत नसत.

"मी पाहिलं," सुमंगला म्हणाली. "मचाणावरून."

उदाजीरावांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग भगवंताकडे. मिशीची दोन्ही टोकं खाली आली. मग लिंबाकडे वळून म्हणाले, "विहिरीवाल्यांना सांग, घोडा मोकळा करा. पाहुणेही मोकळे. दोघांनी एकमेकांना सांभाळून धारला जावं." आणि आत जायला निघाले. पण जुना स्वार. उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता राहवलं नाही. "कशाला बुजला?"

"खरमोराला."

"कुठं?"

"हद्दीच्या दगडांपाशी."

"हं. आमचा खरमोर," उदाजीराव म्हणाले, आणि आवाजात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान आला. "आमच्या बीडातला. चांगल्या चांगल्या घोड्यांना उठवतो."

"तुमचा कसा?" गोपाळराव विहिरीवरून उठले. "घोडा सापडला आमच्या हद्दीत. म्हणजे पक्षी आमचा."

"पंत, घोडा बुजल्यावर पळतो! पक्षी असतो तिथंच असतो! पक्षी थोरल्या पातीचा!"

"बरं, तुमचा. मग तुमच्या पक्ष्यानं घोडा उठवून आमच्या बीडात घातला. आमच्या गवताची नासाडी तुमच्या पक्ष्यामुळं झाली, असं मी देवासला कळवतो."

उदाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग नाही आमचा. तुमचाच."

"आमचा? ठीक आहे. धाकट्या पातीच्या पक्ष्यानं थोरल्या पातीच्या जमादाराचा जावई पाडला. हेही कळवतो."

"जावई नाही अजून!"

"अजून?" गोपाळराव म्हणाले.

आत्याबाईंनी सुमंगलेला चिमटा काढला. लिंब आणि विहीर दोघांनाही सोडून ते दोघं समोरासमोर, नाकाला नाक लावून भांडत होते. इतक्या दिवसांत अशी गोड भांडणं गावानं ऐकली नव्हती.

ठरलं असं, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन पक्षी कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं. घोडा मोकळा झाला, आणि उदाजीराव टांग मारून त्याच्यावर बसले. "बसतात कसं तेही पाहून घ्या," ते भगवंताला म्हणाले. गोपाळरावांनी वहाणा हातात घेतल्या. बापू काठी घेऊन मागून निघाला. ते गावाबाहेर पडताच सुमंगला मचाणावर पोहोचली, आणि तिच्या मागोमाग, लुगड्याचा ओचा खोचत, आत्याबाईही चढल्या. आपण मचाणावर शेवटचं कधी चढलो होतो हे त्यांना आठवत नव्हतं.

हद्दीच्या दगडांपाशी पोहोचायच्या आतच खरमोर उडाला. घोडा पुन्हा मागच्या पायांवर उभा राहिला. उदाजीराव खिळा ठोकल्यासारखे बसून राहिले, लगाम आखडला, दोन शिव्या हासडल्या, आणि घोडा मुकाट्यानं चारही पाय टेकून उभा राहिला.

"वा जमादार," गोपाळरावांच्या तोंडून निघालंच.

"पाहिलं?" उदाजीराव भगवंताला म्हणाले.

"पाहिलं. आपल्यासारखं बसणं मला जन्मात जमायचं नाही," भगवंत म्हणाला, आणि त्यात लोणी नव्हतं. "पण आपण पक्षी पाहिलात का?"

उदाजीराव पक्षी कसला पाहतात? घोडा सावरण्यात सगळं लक्ष.

"तो घोड्यावरून दिसत नाही. घोडा पाय आपटतो, तो दबून बसतो. खाली बसावं लागतं."

"चिखलात?"

"चिखलात."

उदाजीराव उतरले. उतरायचं का, यावर त्यांनी मनातल्या मनात लिंबाशी काय चर्चा केली असेल ती असो, पण उतरले. तिघं गवतात बसले. गवत कानांशी आलं. वारा आला, शेंडे वाकले, ओल्या मातीचा वास आला. काही झालं नाही. उदाजीराव खाकरले, गोपाळरावांनी त्यांचा दंड दाबला. आणि हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळून तो काळा पक्षी वर गेला. उन्हात पंख चमकले, मानेमागचे तुरे थरथरले, क्षणभर तो हवेत टांगल्यासारखा राहिला आणि उतरला.

"अरे," उदाजीराव पुटपुटले. जन्मभर ते या बीडातून फिरत होते. इथं घोडा बुजतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. का बुजतो ते त्यांनी कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

"गप्प बसा, जमादार. परत उडेल."

परत उडाला. यावेळी वाऱ्यानं जरासा कलला आणि दगडाच्या पलीकडे उतरला. मग पुन्हा अलीकडे. दोघं म्हातारे माना वर-खाली करत बसून राहिले.

"उडतो आमच्याकडून," गोपाळराव कुजबुजले, "उतरतो तुमच्याकडे."

"आणि पुढच्या खेपेला उलटं. पंत, याचा निकाल तुम्हालाही लावता यायचा नाही."

तेवढ्यात बापूचा आवाज आला. "जमादारसाब! घोडो थांका बीड में चरी रियो है!"

तिघं ताडकन उठले. लगाम सोडून दिलेला अबलख घोडा या वेळी थोरल्या पातीच्या बीडात, उदाजीरावांनी वर्षभर जिवापाड राखलेल्या गवतात मनसोक्त चरत होता.

गोपाळरावांनी चष्मा पुसला, कोट झटकला. "जमादार, कायदा तुमच्याकडेही तोच आहे. सोडलात की पडलात?"

उदाजीरावांनी घोड्याकडे पाहिलं, मग पंतांकडे. सोडला म्हणावं, तर आपल्याच हातानं आपल्याच सरकारचं गवत चारल्याचा गुन्हा. पडलो म्हणावं, तर सबंध पंचक्रोशीत कुणी त्यांना पडलेलं पाहिलं नव्हतं.

"पडलो," ते शेवटी म्हणाले.

"अं? वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"पडलो म्हणतो ना!" उदाजीराव गरजले. भगवंत मान वळवून हद्दीचा दगड अगदी बारकाईनं बघू लागला.

ते गरजणं मचाणापर्यंत पोहोचलं. "दादा पडला?" आत्याबाई घाबरल्या.

"नाही आत्याबाई," सुमंगला म्हणाली. "उतरले."

भाऊंची दमणी वाटेत चिखलात रुतली होती. दिवस कलता कलता ती गल्लीत शिरली तेव्हा भाऊंना वेगळंच दृश्य दिसलं. ओट्यावर जमादार, कारकून आणि आपला भाचा, तिघेही सारखेच चिखलानं माखलेले, एका परातीतली भाजलेली कणसं खात बसलेले. गोपाळरावांनी आपल्या घरून आणलेली. भाऊ उतरले आणि त्यांनी सकाळपासून पाठ केलेलं सुरू केलं, "जमादारसाहेब, आमचा भगवंत म्हणजे घोड्याच्या पाठीवरच..."

"ठाऊक आहे आम्हाला," उदाजीराव म्हणाले. "पाय धुवा. बसा."

त्यांना बसवून उदाजीराव आत गेले. सुमंगला चुलीपाशी होती. ते बराच वेळ दाराशी घुटमळले.

"सुमे, तू त्याला पडताना पाहिलंस."

"हो, आबा."

"आणि तरी तुझ्या मनात..." त्यांनी बाहेर ओट्याकडे मान वळवली.

सुमंगलेनं फुंकणी खाली ठेवली. "आबा, पडल्यावर त्यांनी घोड्याला शिवी दिली नाही. खोटं बोलून तुमची शाबासकी मिळाली होती, ती चार माणसांत परत केली. पडलो हे मला मात्र आधीच सांगून टाकलं होतं, मी कोण ते ठाऊक नसताना." मग फुंकणी उचलत म्हणाली, "आणि घोड्यावर मला बसता येतं की. एका घरात एक स्वार पुरे."

उदाजीरावांना हसावं की रागवावं ते कळेना. ते बाहेर आले आणि भाऊंना म्हणाले, "मुलीला पसंत आहे. आता तुमच्या मुलाला विचारा."

भगवंताला विचारण्याची वेळच आली नाही. तो आधीच मान डोलवत होता.

मार्गशीर्षात लग्न झालं. मांडव गल्लीच्या मधोमध घातला आणि कोणते खांब कोणत्या पातीचे यावर दोन दिवस वाद घातला. नवरदेवाला घोड्यावर बसवावं लागलंच. एका बाजूनं लगाम भाऊंनी धरला, दुसऱ्या बाजूनं उदाजीरावांनी, आणि खोगीर त्यानं स्वतः दोन्ही हातांनी.

धारला गेल्यावर सुमंगलेनं मामींना हाताशी धरलं, मामींनी भाऊंना, आणि भाऊंनी स्वतःची एक वयस्क, शहाणी घोडी तिला सकाळच्या वेळेपुरती दिली. मग धारकरांना रोज एक गंमत पाहायला मिळू लागली. जमादाराची लेक डोक्यावरून पदर घेऊन घोडीवर, आणि तिचा नवरा बाजूनं पायी, बागेकडे निघालेले. वाटेत एखादं झाड, एखादं पाखरू दिसलं की तो उभा राही. कधी कधी अर्धी सकाळ तिथंच जाई. लोक हसत. सुमंगला लगाम खेचून घोडी उभी करी, आणि तो बघतो आहे ते काय आहे, हे पाहायला खाली उतरे.